पहिल्या रांगेतल्या तीन खुर्च्या

८ सप्टेंबरला, रविवारी संध्याकाळी म्युनिकला घरी पोचल्यावर मी गाडीतलं सामान उपसायला घेतलं. सासूबाईंचा थर्मास, उरलेले धपाटे, मुलीचे बूट, आणि मागच्या सीटखाली बोळा होऊन पडलेली माझी पिवळी ओढणी. ती मीच रागाने तिथे फेकली होती.

इटलीतल्या एका जुन्या गावात दर सप्टेंबरला साहित्यमहोत्सव भरतो. राजवाड्याचं अंगण, चर्चचा ओटा, मिळेल तिथे खुर्च्या मांडून लेखक बोलतात, लोक ऐकतात. कितीतरी वर्षं हे चाललंय, आणि तितकीच वर्षं मी "यंदा नक्की" म्हणून वाटेतल्या आल्प्समधल्या ब्रेनरच्या खिंडीतल्या गाड्यांच्या रांगांचं कारण सांगत घरी बसलेय. यंदा ते कारण चाललं नाही. सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. त्यांच्या वाचनकट्ट्यात एका इटालियन लेखकाची कादंबरी मराठीतून वाचून झाली होती, शेवटावरून भांडणंही झाली होती, आणि तोच लेखक तिथे येणार होता. त्यांना त्याला एकच प्रश्न विचारायचा होता. पुढच्या आठवड्यात त्यांचं परतीचं विमान, आणि गुडघे बघता पुन्हा एवढा प्रवास होईल असं त्यांनाही वाटत नव्हतं.

आमच्यात इटालियन येतं ते फक्त माझ्या मुलीला. ती म्युनिकजवळच गार्चिंगला शिकते, मधलं एक सेमिस्टर इटलीत काढलंय. मराठी तिला बरंचसं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. त्यामुळे आजी आणि नात यांच्यामध्ये ती जन्मल्यापासून मी बिनपगारी दुभाषी आहे. "मी नसले तर या दोघींचं कसं होईल!" हे मी चारचौघांत जरा ऐटीतच सांगते.

कार्यक्रम शनिवारी दुपारी होता. सासूबाईंना कानाचं यंत्र लावूनही लांबचं ऐकू येत नाही, म्हणजे पहिली रांग हवीच. अंगणाबाहेर लोक शिस्तीत रांग लावायला लागले होते. बाजूचं दार मात्र माइकवाल्यांसाठी उघडं होतं. मी त्यातून आत शिरले आणि पहिल्या रांगेतल्या तीन खुर्च्यांवर ओढणी पसरून आले.

"मामा, नाइन!" म्हणजे आई, नको, असं मुलगी दारातूनच ओरडली. इथे असं करत नाहीत, हे तिने जर्मनमध्ये तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं.

"पुण्यात व्याख्यानाला रुमाल टाकला की जागा आपली," मी म्हणाले. "आणि तुझे जर्मन सुट्टीवर गेले की पहाटे उठून आरामखुर्च्यांवर टॉवेल टाकतात, ते काय वेगळं?" दोन देशांचा पाठिंबा असल्यावर तिसऱ्याला कोण विचारतो!

"अगं, पण रुमालापाशी एक माणूसही बसवतात," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तुम्ही काळजी नका करू. जागा झालीय. चला, आइस्क्रीम खाऊ."

आम्ही परत आलो तेव्हा तिन्ही खुर्च्यांवर माणसं होती, अंगण भरलं होतं आणि दार बंद झालं होतं. निळा टीशर्ट घातलेल्या स्वयंसेविकेने हसून सांगितलं की कुणाची तरी ओढणी विसरली होती, ती हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीत पाठवलीय.

यावर शहाण्या बाईने काय करावं? सासूबाईंजवळ थांबावं. मी मात्र ओढणी आणायला निघाले. ती दाखवली की जागा आमची होती हे सिद्ध होईल, असं मला खरोखर वाटलं होतं. कचेरी गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथे मी इंग्रजी, जर्मन आणि हातवारे मिळून ओढणीचं वर्णन केलं. त्या भल्या माणसाने आधी छत्री काढून दाखवली, मग टेबलक्लॉथ.

ओढणी फडकवत मी धावत परतले, तेव्हा भाषण संपून बराच वेळ झाला होता आणि शेवटचे लोक बाहेर पडत होते. सासूबाई बाहेरच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. शेजारी मुलगी.

"गेलं ना ते! माझ्यामुळे," मी म्हणाले.

"काय गेलं? विचारलं की मी. तो पुस्तकांवर सह्या देत होता, त्या रांगेत उभ्या राहिलो आम्ही. म्हटलं, त्या बाईला शेवटी सासरी परत का पाठवलंत? तर म्हणतो, मी नाही पाठवली, ती गेली."

"मग?"

"मग काय! पुरुषासारखं उत्तर. मला नाही पटलं. पण विचारलं."

"आणि तुमचं मराठी हिला समजावलं कुणी?"

"कुणी कशाला समजावायला हवं? हिनेच विचारलं, आजी, सासर म्हणजे नवऱ्याचं घर ना? मी हो म्हटलं. मग ती त्याच्याशी बोलली आणि तो काय म्हणाला ते मला सांगितलं."

"मराठीत?"

"मग कशात? मला कुठे येतं जर्मन! क्रियापदं जरा इकडेतिकडे जातात तिची, पण भागतं."

मी मुलीकडे बघितलं. तिने खांदे उडवले. "दू वार्स्ट या निष्ट दा." तू नव्हतीस ना तिथे.

येताना गाडीत त्या दोघी मागे बसल्या आणि ब्रेनरपर्यंत त्या लेखकाला नावं ठेवत होत्या. मध्येच एका शब्दाला मुलगी अडली. मी पुढून तो पुरवला, तर सासूबाई म्हणाल्या, "तू गाडी चालव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला स्वयंपाकघरातून दोघींचे आवाज ऐकू आले. मुलगी आजीला विचारत होती, चहात आलं "टाकू का घालू". मी दारापर्यंत गेले, तोंडही उघडलं होतं. मग रिकाम्या बाटल्यांची पिशवी उचलली आणि त्या परत करायला सुपरमार्केटला निघून गेले.