ओगराळं कोणाच्या हातात

कुओपिओ शहराजवळच्या आपल्या घरी इर्या दर शनिवारी सौनाचे, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरातले, दगड तापवायची, पण स्वतः बाहेर पायरीवर बसायची. ऊन पाणी लागलं की तिच्या अंगाला असह्य खाज सुटायची. तपासलं तर रक्ताचा कर्करोग निघाला. तरी तिने ना रडगाणं गायलं, ना शनिवार चुकवला.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "तापल्या दगडांवर कोणी पाणी ओततच राहिलं तर?"

"शहाणे बाहेर पळतात. आमचे यजमान, वेइक्को, तेवढे बसून राहतात. सगळा बाक त्यांचा."

"तुमच्या हाडांच्या आत तेच चाललंय. बिघडलेल्या पेशी दाहाचे इशारे सोडत राहतात. त्या धगीत चांगल्या पेशी दमतात आणि बिघडलेल्या फोफावतात."

"म्हणजे बाक बळकावणाराही तोच आणि पाणी ओतणाराही तोच मेला. मग ओगराळंच काढून घ्या की त्याच्याकडून."

"तोच उपाय शोधतोय. पण त्यासाठी हाडातून नमुना काढावा लागतो, आणि ते दुखतं."

"काढा," म्हणत इर्या कुशीवर वळली.

त्या शनिवारी कंबर धरून तिने दगड तापवले. थोड्या वेळाने आतून वेइक्को ओरडला, "अगं, ओगराळं कुठंय?"

पायरीवर बसलेल्या इर्याने ते मांडीवर नीट ठेवलं.

"शोधा," ती म्हणाली. "डॉक्टरही शोधतायत."