पटकीच्या घरची घागर

“आशा धर, बाई,” असं कुणी म्हटलं की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. निजामाचा अंमल होता. ऐन उन्हाळ्यात टेंभुर्णीला माझ्या धाकट्या बहिणीला पटकी, म्हणजे कॉलरा झाला. मी जालन्याच्या दवाखान्यात दाई होते; निरोप मिळताच गावी धावले. मीठ घालून उकळलेलं पाणी घोटघोट पोटात गेलं तरच ती वाचेल, हे मला ठाऊक होतं. घरात तांब्याभरही पाणी उरलं नव्हतं. ख्रिस्ती झालो तरी गावाच्या लेखी आमची जात तीच. विहिरीला शिवायचं नाही. घागर खाली ठेवून लांब उभं राहायचं, कुणी वरून ओतलं तर न्यायचं.

मी उभी राहिले. पटकीच्या घरची घागर म्हणून कुणी ओतेना. एक बाई हसून म्हणाली, “तुमच्या येशूला सांग की, त्यो भरून देईल!” माझ्यासोबत आलेले आमचे उपदेशक हळूच म्हणाले, न दिसणाऱ्याची धीराने वाट पाहणं म्हणजेच आशा. शास्त्रात तसं आहे, कबूल. पण गावाचं मन राखायला त्यांनी शास्त्र पुढे केलं, याची मला चीड आली. ‘बघतोस काय?’ असं प्रभूला मनातच खडसावून मी विहिरीकडे निघाले.

मेंढरं पाजायला आलेली एक अनोळखी धनगरीण आडवी आली. “हात लावशील तर मार खाशील. घागर बराबर धर, मी वतते.”

“घरात पटकी आहे,” मी सांगून टाकलं.

“मंग? पटकीवाल्याला तहान न्हाई लागत व्हय?”

बायका ओरडू लागल्या. पोहरा ओढता ओढता ती म्हणाली, “माझी मेंढरं प्याली तवा कुणी बोललं न्हाई. ही बाई मेंढरापरीस हलकी हाय का गं?”

तीन दिवस ती सकाळी येऊन पाणी ओतत राहिली. चौथ्या दिवशी बहिणीने भाकरी मागितली.

याला चमत्कार म्हणावं की नाही, ते मी सांगत नाही. माझी सारी भिस्त आपल्या माणसांवर होती, आणि प्रभूचं नावही न ऐकलेली बाई पाणी ओतून गेली. तेव्हापासून मदत कुणाच्या हातून यावी हे मी त्याला सांगत नाही. हातपाय मात्र हलवत राहते. त्या धनगरणीसाठी रोज आभार मानते. विहिरीवरच्या बाकीच्यांना क्षमा करणं अजून जमलेलं नाही. तेही त्याच्याचकडे मागते.