कॅमेऱ्यातले लाड

मंगळवारी दुपारी तीन वाजता अनुसूयाअक्कांनी भाडेकरूंच्या घरातल्या कॅमेऱ्याची वायर भिंतीतून उपटली. एकाहत्तराव्या वर्षीही आपल्याला इतका राग येऊ शकतो, याचं त्यांना जरा बरंच वाटलं.

वर गेल्या होत्या त्या पाणी भरायला. वरच्या मजल्यावर शंतनु आणि मैत्रेयी, पुण्याचं जोडपं, दोघंही शहराच्या दुसऱ्या टोकाला महादेवपुऱ्यात आयटीत. बसवनगुडीतली झाडं आवडली म्हणून इथं भाड्यानं घर घेतलं, आणि आठवड्यातले पाच दिवस ती झाडं उजेडात बघायला घरी नसतात. घरी असतो साबू. साबू म्हणजे पारव्याएवढा पांढरा ककाटू, पोपटाच्या जातीतला काकाकुवा, डोळ्यांभोवती निळसर कडं, डोक्यावर उघडमीट होणारा तुरा. आठ महिन्यांपूर्वी आणला तेव्हा साबुदाण्यासारखा स्वच्छ होता, म्हणून साबू. पहिले तीन महिने मैत्रेयी घरूनच काम करायची. तो तिच्या खांद्यावर बसून तिच्या केसांतल्या क्लिपा काढून टाकायचा. मग कंपनीनं ऑफिसात बोलावलं.

"काकू, प्लीज," मैत्रेयीचा फोन आला होता, "सकाळच्या घाईत साबूचं पाणी राहिलं. किल्ली आहे ना तुमच्याकडे?"

किल्ली होती. अक्का पिंजऱ्यापाशी गेल्या आणि जागीच थांबल्या. साबूच्या छातीवर पीस नव्हतं. गुलाबी, सुरकुतलेली कातडी आणि तिच्यावर रक्ताचे दोन ठिपके. पिसं पिंजऱ्याच्या तळाशी पडली होती. ती कुणी उपटली हे विचारायला नको होतं, शेवटचं अजून चोचीतच होतं.

तेवढ्यात टीव्हीशेजारच्या कॅमेऱ्यातून मैत्रेयीचा आवाज आला. "साबूऽ, माझा सोन्या तो. काय करतोय? मम्मा मीटिंगला चाललीय हं."

साबू ताडकन वळला. तुरा उभा राहिला. गजांवरून सरपटत तो त्या बाजूला गेला आणि मान तिरकी करून कॅमेऱ्याच्या मागं बघायला लागला, आधी डावीकडून, मग उजवीकडून. आवाज आहे म्हणजे बाई असणार, एवढं साधं त्याचं गणित. बाई नव्हती. "बाय बाय, साबू," आवाज म्हणाला आणि बंद झाला. साबू एकदाच कर्कश ओरडला, मग मान खाली घालून त्यानं पोटाजवळचं पीस धरलं आणि ओढलं.

अक्कांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वायर निघाली ती तेव्हा.

पाच मिनिटांत शंतनुचा फोन. "काकू, आमचा कॅमेरा ऑफलाइन दिसतोय. लाइट गेलीय का?"

"लाइट आहे. वायर मी काढली."

"म्हणजे... चुकून?"

"चुकून कसली? समजून उमजून काढली. दिवसातनं किती वेळा बोलता त्याच्याशी?"

"दर दोन तासांनी. आम्ही पाळ्या लावून कॅलेंडरमध्येच टाकलंय, म्हणजे कुणी विसरायला नको." त्याच्या आवाजात चक्क अभिमान होता. "त्याला एकटं वाटू नये म्हणून."

"शाबास. म्हणजे दर दोन तासांनी त्याला आठवण करून देता की तुम्ही नाही आहात."

"काकू, मी मीटिंगमध्ये आहे, आपण शनिवारी बोलूया?"

अक्कांनी बी.ए. झाल्यावर छत्तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली होती. सुरुवातीला ट्रंक कॉल जोडायच्या. तीन मिनिटं झाली की लाइन तोडायची, तो नियम होता. तुटलेल्या लाइनवर माणसं किती वेळ हॅलो हॅलो करत राहतात ते त्यांनी या कानांनी ऐकलं होतं. पण त्या माणसांना निदान कळायचं की पलीकडचा धारवाडात आहे, सोलापुरात आहे. या पाखराला कोण सांगणार महादेवपुरा कुठं आहे ते?

"तुला काय करायचंय अक्का?" धाकटा भाऊ रघुनंदन म्हणाला. दोघंच राहायची खालच्या घरात. हा विधुर, ती लग्नच न केलेली. "पक्षी त्यांचा, कॅमेरा त्यांचा."

"भिंत माझी."

"आणि तो खाली आणायचं मनात असेल तर आत्ताच सांगतो, मी सोवळ्यात असताना अंगावर बसला तर?"

"तर परत अंघोळ कर. नळाला पाणी आहे."

शनिवारी सकाळी दोघं खाली आली. शंतनुनं सगळं ठरवूनच आणलं होतं. डॉक्टरांना दाखवलं, औषध काही लागणार नाही, सोबत पाहिजे असं म्हणाले. सोबत देणं तर शक्य नाही. म्हणून ज्या दुकानातून घेतला त्यांनाच फोन केला. ते उद्या येऊन नेतील. "त्यांचं के. आर. पुरमच्या पुढं फार्म आहे, काकू. मोकळी जागा, बाकीचे ककाटू. आणि बदल्यात ते आम्हाला लहान पिल्लू देतायत, एकटं राहायची सवय असलेलं."

"फोन बदलून घेतात तसं," अक्का म्हणाल्या.

"तसं नाही हो."

"मग कसं?"

मैत्रेयी चहाच्या कपाच्या कडेवरून बोट फिरवत बसली. शंतनुपेक्षा अक्कांना तिचाच जास्त राग आला. हा बोलून तरी दाखवतो. ही रडवेलं तोंड करून बसते आणि होऊ देते.

रविवारी अकराला दुकानाचा माणूस आला. शिवाप्पा नाव, पन्नाशीचा, हातात भोकं पाडलेला खोका आणि जाड हातमोजे. अक्का आधीच वर जाऊन बसल्या होत्या, बोलावल्याशिवाय. शंतनु त्याच्याशी हिंदीत बोलायला लागला, तो मान हलवत "हां सर, अच्छा फार्म, सर" म्हणत राहिला. अक्कांनी दोन मिनिटं ऐकलं आणि सरळ कन्नडमध्ये विचारलं, या वयाच्या, पिसं उपटणाऱ्या पक्ष्याचं तुम्ही नेमकं काय करता?

कन्नड ऐकल्यावर शिवाप्पाचा चेहरा सैल झाला. आपल्या माणसाशी बोलावं तसं तो बोलला. लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं.

"काय म्हणतोय?" मैत्रेयीनं विचारलं. इथं येऊन तिला चार वर्षं झाली होती, पण तिचं कन्नड 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, याच्या पुढं सरकलं नव्हतं.

अक्कांनी एक शब्दही मऊ केला नाही. "म्हणतोय, असा पक्षी कुणी विकत घेत नाही. पिल्लांसाठी ठेवतात. शेडमध्ये, पत्र्याच्या खोक्यात, जोडी लावून. अंधार असला की अंडी बरी होतात म्हणे. पिसं नसली तरी चालतं, कुणाला दिसणार आहे? वीस वर्षं, तीस वर्षं, जितका टिकेल तितका. आणि जे पिल्लू तुम्हाला देणार आहेत ना, ते असल्याच एकाचं."

शिवाप्पानं हातमोजे चढवले होते. साबू पिंजऱ्याच्या लांबच्या कोपऱ्यात चिकटून बसला होता.

"नको," मैत्रेयी म्हणाली. पहिल्यांदा इतक्या हळू की कुणी ऐकलंच नाही. मग ती पिंजऱ्याच्या दाराशी जाऊन उभी राहिली. "नाही द्यायचा. त्यांना जायला सांगा, काकू."

"मैत्रेयी, प्रॅक्टिकली विचार कर," शंतनु म्हणाला. "दिवसभर कोण बघणार?"

"मी," अक्का म्हणाल्या, आणि स्वतःचाच त्यांना राग आला. म्हातारपणी कुणाच्या भानगडीत पडायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. "आठ ते साडेसहा, खाली माझ्या व्हरांड्यात. साडेसहाला तुमच्यापैकी एकानं येऊन न्यायचा. मला घड्याळ कळतं. हा चाळीस वर्षं जगणार, मी काही चाळीस वर्षं उरणार नाही, तेव्हा तो मला देऊन मोकळे व्हायचं मनातसुद्धा आणू नका. आणि तो कॅमेरा परत लावलात तर दुसरं घर बघा."

शिवाप्पाला त्यांनी कॉफी पाजली आणि रिकाम्या खोक्यासकट वाटेला लावलं.

सोमवारी साबू खाली आला. आल्या आल्या त्यानं अक्कांच्या तर्जनीचा असा चावा घेतला की रघुनंदन हळदीचा डबा घेऊन धावला. "बघ. सांगत होतो."

"चावू दे. त्याला राग यायलाच पाहिजे. मला नाही का आला?"

त्यांनी पेरूची एक जाड डहाळी आणि काथ्यासकट करवंटी पिंजऱ्यात टांगली, जवळच खुर्ची टाकली आणि त्याच्याशी एक शब्द न बोलता पेपर वाचत बसल्या. दुपारपर्यंत करवंटीच्या शेंड्या व्हरांडाभर झाल्या होत्या. चारच्या सुमाराला त्यानं एक पीस उपटलंच. अक्कांनी ते पाहिलं आणि पेपराचं पान उलटलं. एका दिवसात सुधारेल अशी त्यांची समजूत नव्हती.

साडेसहा वाजले. पावणेसात. सातला दहा कमी असताना मैत्रेयी फाटकातून धावत आली, घामाघूम. "सॉरी काकू, के. आर. पुरमला मेट्रोत शिरताच येईना."

"उद्या अर्धा तास आधी नीघ."

मैत्रेयी पिंजऱ्यापाशी खाली फरशीवर बसली, दार उघडून हात पुढं केला. "साबू. सोन्या." साबूनं कॅमेऱ्याच्या मागं बघायचा तसं एकदा तिच्या मागं पाहिलं, मग पाठ केली आणि डहाळीची साल काढत बसला.

"बघत पण नाहीये माझ्याकडे," ती म्हणाली.

"का बघावं त्यानं?" अक्का म्हणाल्या. "हात काढू नकोस. बसून राहा. येईल नाही तर नाही येणार. तू बसायचं."

त्या आत गेल्या. भाताचा कुकर उतरवला, रघुनंदनला हाक मारली आणि तीन पानं मांडली. तिसरं जरा जोरातच आपटलं.