मंगळवारचं पान

देवदत्त त्या दगडाचं आता करणार काय, ही काळजी उमाताईंच्या मनातून जाता जात नव्हती. अक्षरं कोरलेला काळा, घोटीव फलक गोणपाटात गुंडाळून पडवीत ठेवलेला होता. एखाद्या सकाळी मुलगा तो दाराशी लावेल आणि रत्नागिरीभर हसं होईल.

मुलगा तरी केवढा, पन्नाशीला टेकलेला. कचेरीत कारकून, पण सारा जीव गावाच्या जुन्या गोष्टींत. शाळेत असताना शेजारच्या सलिलला वक्तृत्वाची भाषणं हाच लिहून द्यायचा. ढाल सलिलला मिळायची, हा टाळ्या वाजवायचा आणि घरी येऊन जेवायचा नाही.

यंदाही तेच झालं. नगरपालिकेनं थोरांच्या घरांवर स्मृतिफलक लावायचं ठरवलं. खगोल अभ्यासक त्र्यंबक फणसे शिकायला गावात होते, तेव्हा सलिलच्या पणजोबांच्या ओटीवर झोपत. हे शोधून काढलं देवदत्तनं, आणि फलक लागला सलिलच्या भिंतीवर. नारळ सलिलनं फोडला, फोटो सलिलचा छापून आला. गणपतीपुळ्याला निघालेले पाहुणेही वाट वाकडी करून त्या भिंतीपुढे उभे राहू लागले. खरं तर उमाताईंनाही ते बघवत नव्हतं. त्या बाजूची खिडकी त्यांनीच लावून घेतली होती.

फणसे गरिबीतले. रोज एका घरी, असे वार लावून जेवायचे, आणि मंगळवार होता देवदत्तच्या घरी. म्हणून त्यानं स्वतःच फलक करून आणला. 'त्र्यंबक फणसे दर मंगळवारी येथे जेवत.'

रिक्षातून दगड उतरवताना सलिलनं दोन घरांमधल्या दगडी गडग्यावरून वाचलंच.

"देवा, मंगळवारी तुमच्याकडे अख्ख्या घराला उपास ना रे? मग 'जेवत' कसलं, 'उपाशी राहत' असं कोर!"

"तुमच्याकडे तरी काय करत होते? घोरतच होते ना!" देवदत्त म्हणाला खरा, पण कानशिलं लाल झाली होती. त्या दिवसापासून दोघांची संध्याकाळची फेरी बंद. हा कचेरीतून मागच्या पाणंदीनं घरी येतो, ताटात चिवडत बसतो.

आजही तसाच बसला होता.

"आई, सलिल म्हणतो तेच खरं असलं तर?"

"खरं कसं असेल? तुझी आजी सांगायची ना, मंगळवारी घरात भात शिजायचा तो त्या एका पोरासाठी. बाकी सगळे उपाशी, आणि त्याच्या पानात गरम भात, वरण, वर तूप. तुझी पणजी समोर बसून वाढायची."

देवदत्तचा हात थांबला. "हे आत्ता सांगतेस?"

"त्यात सांगण्यासारखं काय होतं रे? घरी आलेल्याला जेवायला घातलं, एवढंच."

"सलिल म्हणेल, आत्ता रचलंत. मी नाही त्याच्या दारात जाणार."

दगड लावला तर तो हसेल आणि नाही लावला तर हा झुरत राहील. उमाताईंनी पडवीतल्या गोणपाटाकडे पाहिलं. नुसतं सांगून सलिलला पटायचं नाही. येत्या मंगळवारी घरात एकच पान मांडायचं, सलिलचं. उपाशीपोटी वाढायचं देवदत्तनं. धुसफुसेल, पण वाढेल. शेवटी जुना मित्र तो.

त्यांनी चष्मा चढवला आणि मोबाइल हातात घेतला.

"कुणाला लावतेस?"

"तुझ्या दुष्मनाला," म्हणत त्यांनी सलिलचं नाव शोधलं.