अक्काची हळद

एचआयव्ही मला नवऱ्याकडून आला. तो गेला आणि गोळ्या माझ्या पदरात पडल्या. त्या मी इमानेइतबारे खाल्ल्या, तब्येतही ठणठणीत राहिली. पण माधवनगरच्या त्या घरात मला बोटानं कुणी शिवलं नाही. भांडण नाही, तंटा नाही. थोरली जाऊ, म्हणजे आमची अक्का, चहा कट्ट्यावर ठेवायची आणि तिथून मी उचलायचे. मला लय राग यायचा, पण काढणार कुणावर?

मग मानेत गाठी आल्या. लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर. केमोनं गेला आणि मेला परत आला. तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांनी स्टेम सेल ट्रान्सप्लांट सांगितलं. घरात सगळ्यांची तोंडं उतरली. वाटलं, आता ही आपल्या अंगातलं कायतरी मागणार. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या कुणाचं काही नको, हिच्याच पेशी काढून ठेवू, जबर केमो देऊ आणि त्याच परत सोडू. गोळ्यांनी एचआयव्ही दबलेला आहे, त्याची आडकाठी नाही. हळदीचं बेणं बाजूला ठेवतात आणि रान तयार झालं की लावतात, तसलाच प्रकार. घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

पुण्याच्या दवाखान्यातल्या बंद खोलीत माणूस दिसायचं ते मास्क लावलेलं. केस गेले, तोंड सोलून निघालं, पण पेशी रुजल्या. औषधं सोडायला छातीत घातलेली नळी तेवढी ठेवून मला घरी सोडलं. नळीला हात लावू नका, म्हणून घरच्यांना बजावलं होतं.

एका दुपारी नळीवरच्या पट्टीखाली अशी खाज सुटली की मी कळवळले. घरात अक्का एकटीच. ती येऊन माझ्याशेजारी बसली, पट्टीची कड उचलली आणि नळीच्या कडेनं चिमटीनं हळद दाबली. आमचं हळदीच्या व्यापाराचं घर; कापलं, खरचटलं, कशालाही हळदच. मला नळीचं भानच राहिलं नाही. कित्येक वर्षांनी कुणाची तरी उघडी बोटं माझ्या अंगाला लागत होती.

दुसऱ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. गाडी करून परत पुणं गाठलं. नळीवाटे जंतू रक्तात गेले होते. हिला मारायची होती का, म्हणून डॉक्टरांनी अक्काला सगळ्यांदेखत झाडलं. ती पदर तोंडाला लावून उभी राहिली.

मी वाचले. नळी निघाली. तपासण्या चांगल्या येतात, माणसांत मिसळायलाही परवानगी मिळालीय. अक्का मात्र दारातूनच विचारते, जेवलीस का. परवा मी म्हटलं, "आवं अक्का, या की आत. डॉक्टरांनी मोकळीक दिलीया. बसा जरा जवळ."

तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"तुझ्या रोगाचं भ्या कवाच गेलं, बाई," ती म्हणाली. "आता मला माझ्याच हाताचं भ्या वाटतंय."

मला रडू फुटलं. ती दारातूनच उगी, उगी म्हणत राहिली.