पडद्यावरचा नळ आणि मावशींची घागर

मंडळी, आज दुपारी औशाजवळच्या एका गावात आमचा मांजरा नदीवरचा माहितीपट दाखवला. मारुतीच्या देवळात भिंतीला पांढरी चादर लावली होती. समोर बायकाच जास्त.

नदीचं कोरडं पात्र दिसलं, कुणी हललं नाही. मग पडदा काळा झाला आणि नुसता आवाज आला. पाणी सुटायच्या आधी तोटीतून हवा फुसफुसते ना, तो. मीच रेकॉर्ड केलेला. फार खूश होतो त्यावर.

"नळ आले गं!" कुणीतरी ओरडलं आणि अर्धं देऊळ रिकामं झालं.

थोड्या वेळाने सगळ्या हसत परत आल्या. "लई फसवलं बघा तुम्ही!" मीही हसलो.

एक म्हाताऱ्या मावशी तेवढ्या आल्या नाहीत. बोलवायला घरी गेलो, तर अंगणात तोटीखाली घागर लावून बसलेल्या.

"मावशी, तो पिच्चरमधला आवाज होता."

"हाव, ठावं हाय." नजर तोटीवरच. "गेल्या उन्हाळ्यात असाच आवाज आला. नुसती हवा असंल म्हणून म्या उठले न्हाई. पाणी येऊन गेलं. मग सून गेली हिरीवर."

त्यांनी घागर तोटीखाली नीट सरकवली. उघड्या दारातून आतल्या भिंतीवर एका तरुण बाईचा फोटो दिसत होता. त्याला हार होता.

मी निघालो तेव्हाही त्या तिथंच बसून होत्या.

उद्या हाच माहितीपट उमरीला दाखवायचाय. तो आवाज ठेवू का काढू?