चिंधीवरचं विरजण

धाकटीला धाकटी म्हणायचं वय कधीच उलटून गेलं होतं. त्रेसष्ट वर्षं झाली, गुडघे कुरकुरायला लागले, केसांत काळा शोधावा लागे. पण घरात आली ती धाकटी सून म्हणून, आणि ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच. शेजारणीसुद्धा तिला ‘धाकट्या काकू’ म्हणत.

तिच्या स्वयंपाकघरातून कचऱ्याची बादली अर्धपोटीच बाहेर पडायची. कोथिंबिरीच्या काड्या वाटणात. पिळलेल्या लिंबाच्या साली मिठात बुडवून नळ घासायला. साबणाचे उरलेसुरले तुकडे जुन्या मोज्यात भरून, गाठ मारून, त्याने ओटा लख्ख. पातेलं करपलं तर त्यात मीठ-पाणी घालून एक उकळी आणायची आणि दुपारभर विसरून जायचं, मग करप आपोआप सुटते. दुधाचं किंवा दह्याचं भांडं रिकामं झालं की त्यात पाणी फिरवायचं आणि त्या पाण्याने पीठ मळायचं. “देवाने ताटात घातलं ते मोरीत घालणारे आपण कोण?” असं ती म्हणे, आणि खरोखर तसंच वागे.

नेमकी हीच सवय तिला एका मंगळवारी नडली.

सकाळी घाई होती. नवऱ्याला दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. तिने दह्याचं पातेलं पुसून काढलं, पाणी फिरवलं, ते परातीतल्या पिठात ओतलं. शेजारी काठाला पोचा आलेली स्टीलची छोटी वाटी होती, तळाशी चमचाभर दही. हात आपल्या सवयीने चालत होते. वाटीही विसळली, तेही पाणी पिठात. गोळा मळून झाकून ठेवला आणि मगच तिचं लक्ष त्या रिकाम्या वाटीकडे गेलं.

ते विरजण होतं.

ती वाटी हातात धरून स्टुलावर बसली. नवरा बूट घालत म्हणाला, “एवढं काय त्यात? येताना दुकानातून दही आणतो. त्यातलाच चमचा घाल.”

“दुकानातलं ते दुकानातलं.”

“दही ते दही. त्याला काय कुळ असतं?”

ह्या विरजणाला होतं. एकत्र घर होतं तेव्हा थोरल्या जावेने लावलेल्या दह्यातला चमचा रोज ह्याच वाटीत निघायचा. बावीस वर्षं दोघी एका ओट्यापाशी उभ्या राहिल्या. थोरली दूध तापवायची, धाकटी भांडं शोधायची. थोरली करंगळी बुडवून म्हणायची, “आता घाल,” आणि धाकटी विरजण घालायची. घरमालकाने जागा मागितली तेव्हा दोन भावांनी शहराच्या दोन टोकांना दोन घरं घेतली. सामान बांधायच्या दिवशी पाहुण्यांसमोर थोरली हसत म्हणाली होती, “आमची धाकटी दुधाची पिशवी कात्रीने कापून आतून चाटूनपुसून घेते. भिंतीचा रंगसुद्धा खरवडून नेईल हो!” सगळे खो खो हसले. धाकटीने वाटी उचलली आणि म्हणाली, “नेते मी. निदान माझ्या घरात माझ्या चमच्याला कुणी हसणार नाही.”

नऊ वर्षं झाली होती त्या वाक्याला. लग्नाकार्यात भेट व्हायची. “बरं आहे ना?” “बरं आहे.” एवढंच. पण रोज संध्याकाळी दूध कोमट करताना करंगळी बुडवली की धाकटीच्या कानाशी कुणीतरी ‘आता घाल’ म्हणायचं. ते ऐकण्यासाठीच ती विरजण जपत होती, हे तिने नवऱ्यालाच काय, देवालाही कधी उघड सांगितलं नव्हतं.

त्या दह्यातला दुसरा चमचा थोरलीने नेला होता; आता ते फक्त तिच्याकडे उरलं असणार. आणि मागायला जायचं म्हणजे ते वाक्य गिळायचं.

तिने देवापुढे हात जोडले. काय मागावं ते सुचेना, म्हणून नुसतीच उभी राहिली. मग वाटी पिशवीत घातली, दोन बस बदलल्या आणि दहाच्या सुमाराला थोरलीच्या दाराची बेल वाजवली.

थोरलीने दार उघडलं. खूप वाळली होती. “कोण गेलं?” तिने पहिलाच प्रश्न केला.

“कुणी नाही हो ताई. विरजण गेलं.”

“कशाने?”

“पिठात मळलं मी. विसळून.”

थोरली दाराला धरून हसायला लागली. पुन्हा तेच हसणं. पण थोरलीचं हसणं अर्ध्यातच विरलं.

“आत ये. पण माझ्याकडेही नाही गं. सूनबाई पाकिटं आणते. बिचारी नोकरी करून दमते, तिला कशाला सांगू? गेल्या वर्षी दही लावणं सोडलं मी.”

धाकटीने पिशवीचे बंद घट्ट धरले. दोन बस बदलून आल्याचं तिला काही वाटलं नाही. वाटलं ते हे, की आता परत यायला कारणसुद्धा उरलं नाही.

“मग निघते मी.”

“थांब. तुझी घाई अजून गेली नाही का?” थोरली आतल्या खोलीत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला, डब्याचं झाकण निघाल्याचा आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कागदात गुंडाळलेली सुती चिंधी होती. पांढरी, कडक, खळ दिल्यासारखी. “शेवटचं दही लावलं ना, त्यात ही बुडवली. सावलीत वाळवली आणि ठेवली. माझी आई प्रवासाला निघाली की असंच न्यायची विरजण.”

“कशासाठी ठेवलंत?”

“टाकवेना.” थोरलीने चिंधी उलटीपालटी केली. “आणि म्हटलं, तुझ्याकडचं कधी गेलं तर? मला काय माहीत तू पिठात मळशील! चिंध्या जपायला लागले बघ. तुला हसले ते माझ्याच अंगाशी आलं.”

पदराने नाक पुसून धाकटी म्हणाली, “दूध आहे का?”

थोरलीने दूध तापवलं. धाकटीने न विचारता खालच्या कप्प्यातून बरोबर मापाचं पातेलं काढलं. दोघी दूध निवायची वाट बघत उभ्या राहिल्या. थोरलीने करंगळी बुडवली.

“आता घाल.”

धाकटीने चिंधी सोडली. पातेल्यावर ताटली ठेवली, ते जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून तांदळाच्या डब्यात बसवलं, म्हणजे ऊब टिकते.

दुपार कशी गेली कळलं नाही. शेंगा निवडल्या, कुणाचे गुडघे जास्त दुखतात यावर भांडण झालं, जेवण झालं. थोरली ताट घेऊन मोरीकडे निघाली तेव्हा धाकटीने अडवलं, “वाटीतली डाळ आहे अजून!” “आहे हो बाई, चाटते,” म्हणून थोरलीने खरंच चाटली.

पाचला सूनबाई कामावरून आली, तेव्हा दोघी तांदळाच्या डब्यात वाकून बघत होत्या. “काय हरवलंय? दही हवंय का? फ्रीजमध्ये पाकीट आहे की!”

“तू चहा टाक गं,” थोरली म्हणाली.

वर पापुद्रा धरला होता, खाली पातळ, थोडं तारेचं. धाकटीने चमच्याच्या टोकाने चाखलं. आंबटपणा ओळखीचा होता, लांबून हाक आल्यासारखा.

“नीट नाही लागलं,” ती म्हणाली.

“पहिल्या खेपेला असंच होतं. ह्यातला चमचा उद्याच्या दुधात घालू. परवा आणखी एकदा. मग येईल वळणावर.”

“म्हणजे उद्या...”

“वाटी इथेच ठेव,” थोरली म्हणाली. “उगाच बसमध्ये सांडवशील.”

रिकामी पिशवी घेऊन धाकटी घरी परतली. गालावर हात धरून बसलेल्या नवऱ्याने विचारलं, “मिळालं?”

“लागतंय अजून.” तिने सकाळच्या झाकलेल्या पिठाकडे पाहिलं. ते छान आंबलं होतं. “उद्या दुपारचं जेवण झाकून ठेवते. तुमचं तुम्ही वाढून घ्या.”